एक जूनची माणसं

आमच्या दुकानात यायचं तर चपला बाहेर काढाव्या लागत. नांदेडला वजिराबादेत एका जिन्याखालची ती लहानशी खोली होती. धुळीनं कॉम्प्युटर बिघडतो, एवढंच त्यामागचं कारण. पण गिऱ्हाइकांनी त्याचा अर्थ आपापल्या परीनं लावला होता. चपला काढून आत आलेला माणूस आधी त्या हिरव्या अक्षरांच्या पडद्याला हात जोडायचा आणि मग माझ्यापुढं मान खाली घालून उभा राहायचा. मी तेव्हा जेमतेम बावीस-तेवीस वर्षांचा. पांढऱ्या केसांची माणसं अशी उभी राहिली की मला आतून कसंनुसं व्हायचं. माझा स्वभावच तसा आहे. कुणाच्या घरी पाणी पिऊन पेला खाली ठेवला तरी बरोबर जागी ठेवला ना, हा विचार मी घरी येईपर्यंत करतो. तेव्हा या लेखात मधून मधून माफीचा सूर लागला तर वाचकांनी चालवून घ्यावा.

आम्ही कॉम्प्युटरवर पत्रिका काढून द्यायचो.

आज हे सांगितलं की माझी मुलगी हसते. तिच्या मोबाइलमध्ये जे काम पापणी लवायच्या आत होतं, त्यासाठी आम्ही खोलीला कूलर, खिडकीला जाड पडदा आणि विजेला स्टॅबिलायझर लावला होता. कॉम्प्युटरला स्वतःची अशी काही आठवण नसायची. सकाळी चालू केला की तो कोरा. मग एका खाचेत प्रोग्रामची फ्लॉपी घालायची, दुसऱ्या खाचेत गिऱ्हाइकांच्या माहितीची. ती फ्लॉपी म्हणजे पापडासारखी पातळ, काळी, चौकोनी वस्तू. वाकली की गेली, बोट लागलं की गेली. आतमध्ये ती फिरायला लागली की जात्यात खडा आल्यासारखा आवाज यायचा, आणि तो ऐकून गिऱ्हाईक एक पाऊल मागं सरकायचं.

दुकानाचे मालक इलियासभाई. त्यांच्या वडलांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. भाई हैदराबादला घड्याळांचे सुटे भाग आणायला गेले, तिथं एका दुकानापुढं कॉम्प्युटरच्या पत्रिकेसाठी लागलेली रांग पाहिली, आणि परत आले ते कॉम्प्युटरचं बोलणं करूनच. मुसलमान माणसानं पत्रिकेचं दुकान कसं काय काढलं, असं कुणी विचारलं तर ते म्हणायचे, "बापानं गावाची घड्याळं लावली, मी ग्रहांची लावून राहिलो. काम वेळेचंच हाय ना?" मला ते मास्टर म्हणायचे. मी लातूरहून कॉम्प्युटरचा कोर्स करून आलो होतो आणि त्या दोन फ्लॉप्या न वाकवता खाचेत घालू शकत होतो, एवढ्यावर ती पदवी मिळाली होती.

माझा स्वतःचा पत्रिकेवर विश्वास होता का? खरं सांगायचं तर मी तो प्रश्न टाळायचो. मी जन्माची तारीख, वेळ आणि गाव टाईप करायचो, बाकीचं यंत्र बघायचं. गावाचंही यंत्राला नुसतं नाव चालत नसे, अक्षांश-रेखांश लागत. त्याच्या यादीत मुंबई, दिल्ली, काशी होती. नांदेड नव्हतं, मग देगलूर-किनवट कुठून असणार? शाळेच्या नकाशावरून पट्टी ठेवून मी आमच्या भागातल्या गावांचे आकडे काढले आणि पुठ्ठ्यावर लिहून भिंतीला टांगले. आपलं गाव तिथं लिहिलेलं दिसलं की लोकांना बरं वाटायचं. धर्माबादचे एकजण मुद्दाम दोन माणसांना घेऊन आले आणि त्यांना तो पुठ्ठा दाखवून गेले. पत्रिका काढायची नव्हतीच.

तऱ्हेवाईक गिऱ्हाइकं खूप. एका शेतकऱ्यानं बोअरला पाणी लागलं ती तारीख आणि वेळ आणून बोअरची पत्रिका मागितली, कारण पाणी किती वर्षं टिकेल हे त्याला बघायचं होतं. मी नाही म्हणत होतो, भाई म्हणाले काढून दे. काढली. शनी चांगल्या ठिकाणी होता, माणूस खूश होऊन गेला. एक बाई दर महिन्याला येऊन फक्त विचारायच्या, "काय म्हनतंय ते?" मी सांगायचो, बरं म्हणतंय. त्या जायच्या. कॉम्प्युटरला व्हायरस होतो असं पेपरात आलं, तेव्हा इलियासभाईंच्या अम्मी रोज संध्याकाळी पडद्यापुढं लोबान फिरवायला लागल्या आणि एका गिऱ्हाइकानं कापराच्या वड्या आणून दिल्या. धुरानं यंत्र खराब होईल हे अम्मींना सांगायचं धाडस आम्हा दोघांतही नव्हतं. यंत्रानंच सोसलं.

आता शंकरअप्पांची गोष्ट सांगतो. या धंद्यात मला काही कळलं असेल तर ते तिच्यातून.

शंकरअप्पांची देगलूरला भुसार मालाची अडत होती. पांढरं धोतर, कपाळावर भस्म, बोलणं थोडं आणि ठाम. त्यांचा मुलगा बालाजी किनवटच्या बाजूला एका आश्रमशाळेत क्लार्क होता. त्याच शाळेत सुरेखा नावाची शिक्षिका होती, लातूरच्या बिराजदार गुरुजींची मुलगी. दोघांची ओळख होती, एकमेकांना पसंत होते, जात एक होती, दोन्ही घरं तयार होती. फक्त पत्रिका जुळायची राहिली होती. अप्पा दोघांच्या शाळेच्या दाखल्याच्या नकला घेऊन आमच्याकडं आले.

"आमचे स्वामी एक सांगतात, गावातले जोशी दुसरंच," अप्पा म्हणाले. "यंत्राला कोनाचा पक्ष न्हाई. ते सांगल ते मला मान्य."

पत्रिका जुळवणं म्हणजे आठ बाबींना गुण देणं. एकूण छत्तीस, निम्मे पडले की पास. आठवी आणि शेवटची बाब नाडीची. तिला सर्वांत जास्त गुण. वधू-वरांची नाडी एकच निघाली तर तिथं शून्य मिळतं आणि जुनी माणसं बाकीचे गुण बघतसुद्धा नाहीत. एक नाड असेल तर पोरंबाळं होत नाहीत, असा समज.

मी तारखा घातल्या. वेळा दाखल्यावर नसतात, त्या अप्पांनी अंदाजानं सांगितल्या. प्रिंटर सुरू झाला. तेव्हाचा प्रिंटर सुयांनी ठिपके मारून अक्षर काढायचा, आणि मराठी काना-मात्रेसाठी एकाच ओळीवरून पुन्हा पुन्हा फिरायचा. एक ओळ उमटायला एवढा वेळ लागे की तेवढ्यात माणूस दोनदा आशेला लागून दोनदा निराश व्हायचा. शेवटची ओळ आली: एक नाड. गुण शून्य.

अप्पांनी तो लांबलचक कागद घडी करून खिशात ठेवला, कॉम्प्युटरला हात जोडले आणि निघाले. दारात चप्पल घालताना एवढंच म्हणाले, की बरं झालं, आधी कळलं.

त्यांच्या समाधानाचंच मला ओझं झालं. पत्रिका जुळली नाही की लोक रडतात, भांडतात, परत काढा म्हणतात. हा माणूस आभार मानून गेला होता.

दोन-चार दिवसांनी बालाजी स्वतः आला. किडकिडीत, चष्मा लावलेला, फार नीट वागणारा मुलगा. त्यानं चपला काढून ओळीत लावल्या, पण कॉम्प्युटरला हात जोडले नाहीत. लातूरला गुरुजींनी सुरेखासाठी सोलापूरचं स्थळ बघितलंय, ती माणसं येत्या रविवारनंतरच्या रविवारी बघायला येणार आहेत, हे त्यानं मला सांगितलं आणि हे परत काढता येईल का, असं विचारलं. मी म्हणालो, कितीदाही काढलं तरी तेच येणार. आकडे तेच तर उत्तर तेच.

त्यानं चष्मा काढून पुसला. मग म्हणाला, "सर, तुमची जन्मतारीख काय?"

"एक जून."

"इलियासभाई, तुमची?"

भाई घड्याळ उघडून बसले होते. मान वर न करता म्हणाले, "एक जून."

"माझी एक जून. सुरेखाची एक जून. सालं तेवढी वेगळी. आता तुम्हीच सांगा सर, तुमच्या यंत्रानं कोनाची पत्रिका काढली?"

हे मला माहीत नव्हतं असं मी कसं म्हणू? माझी स्वतःची आई मला वाढदिवसाचं पोळ्याच्या पाडव्याला ओवाळायची. पण कॉम्प्युटरपुढं बसलं की माझी बोटं दाखल्यावरची तारीख मारायची आणि मन दुसरीकडं असायचं. एक जून एवढ्या वेळा टाईप केलं होतं की गिऱ्हाईक बोलायच्या आत बोटं त्या आकड्यांवर जायची. आमच्या भागात जूनमध्ये जास्त जन्म होतात असं माझं मत झालं होतं. मागच्या वर्षीच्या लग्नसराईशी त्याचा संबंध जोडून मी ते एकदा इलियासभाईंना समजावूनसुद्धा सांगितलं होतं. त्यांनीही मान डोलावली होती.

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगायला हवं. शाळा जूनमध्ये सुरू होते. पहिलीत यायचं तर मूल सहा वर्षांचं पाहिजे. आई-बापाला जन्मतारीख सांगता येत नाही. मग गुरुजी पोराकडं बघतात, उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान धरता येतो का बघतात, आणि हिशोबानं साल लावून लिहून टाकतात: एक जून. पोरगं वर्गात बसतं. तारीख त्याला जन्मभर चिकटते.

बालाजी क्लार्क असल्यामुळं हे काम स्वतःच करायचा. तो म्हणाला, "जंगलातून पोरं येतात आमच्याकडं. माय सांगती, मोहाची फुलं पडून राहिली होती तव्हा झाला. आता मोहाची फुलं फॉर्मात कुठं लिहू? लिहितो एक जून. आमच्या अख्ख्या वसतिगृहाचा वाढदिवस एकाच दिवशी असतो."

मी विचारलं, हे अप्पांना का नाही सांगितलं? सांगितलं होतं म्हणाला. अप्पा म्हणाले, यंत्राला माहीत नसतं तर त्यानं उत्तरच दिलं नसतं.

बालाजी चहा पिऊन बाहेर जाऊन उभा राहिला, तेव्हा इलियासभाईंनी घड्याळ बाजूला ठेवलं. "साल एक मागं कर मास्टर. नाड बदलंल. पोरगा खूश, पोरगी खूश, म्हातारा खूश. ग्रहांना कोन विचारायला जातंय?"

मला ते जमलं नाही. त्यात चांगुलपणा होता असं नाही, मला भीती वाटली. उद्या त्यांच्यात काही वाईट झालं तर ते मी टाईप केलं होतं, असं मला मरेपर्यंत वाटत राहिलं असतं. मी भाईंना म्हणालो, खऱ्या तारखा मिळवतो, त्यातून जे निघेल ते निघेल. भाई म्हणाले, मिळव, पण हे एक जूनचं बाहेर बोलू नको, दुकानाला कुलूप लागेल.

सुट्टीच्या दिवशी मी लातूरला घरी गेलो आणि तिथून बिराजदार गुरुजींकडं. गुरुजी औसा तालुक्यातल्या एका शाळेचे मुख्याध्यापक होते. खुर्चीतही ताठ बसायचे. मी कोण, कशाला आलो ते सांगितल्यावर त्यांनी माझ्याकडं उशिरा आलेल्या विद्यार्थ्याकडं बघावं तसं बघितलं.

"दाखल्यावरची तारीख खोटी आहे, असं तुमचं म्हणणं आहे?"

मी घाबरून नाही म्हणालो.

"ती शाळेची तारीख आहे. जन्माची वेगळी असते. दोन्ही आपापल्या जागी खऱ्या."

आतून सुरेखाच्या आई पदराला हात पुसत बाहेर आल्या. म्हणाल्या, "सगळ्या गावाच्या लेकरांना एक जून लावली ह्यांनी. निदान घरच्या लेकीची तरी खरी लिहावी? तर न्हाई."

"नियम सगळ्यांना एकच," गुरुजी म्हणाले.

त्यांना काळजी मुलीच्या नोकरीची होती. सरकारी कागदावर एक तारीख आणि पत्रिकेवर दुसरी, हे कुणी वर कळवलं तर? मी म्हणालो, गुरुजी, आमची पत्रिका कुठल्या ऑफिसात जात नाही, फार तर देवघरात जाते. तेव्हा त्यांच्या मिशीखाली थोडं हसू आलं.

सुरेखाच्या आईंनी मग सांगितलं. त्या पंचमीला माहेरी गेल्या होत्या. नागपंचमीला बायका झोके घेत होत्या, त्यांचे दिवस भरले होते म्हणून त्यांना कुणी झोक्यावर बसू देत नव्हतं. रात्रीतून कळा सुरू झाल्या आणि दुसऱ्या दिवशी दिवस उगवायला मुलगी झाली. साल गुरुजींना पाठ होतं, फक्त आजवर त्यांनी ते कुणाला सांगितलं नव्हतं. शाळेत घालताना त्यांनी मुलीला वर्षभरानं मोठी केली होती.

निघताना गुरुजी म्हणाले की ते नांदेडला येतील, पण आपण लिहिलेली तारीख खोटी होती असं कुणासमोर म्हणणार नाहीत. शाळेची होती, एवढं म्हणतील. मी म्हणालो, तेवढं पुरे.

आता अप्पांना आणायचं काम बालाजीचं. त्यानं वडलांना सांगितलं, की यंत्रवाले सर म्हणतात माहिती अपुरी होती, यंत्र तुम्हाला परत बोलावून राहिलंय. यंत्रानं बोलावलं म्हटल्यावर अप्पा आले. बरोबर बालाजीची आई गंगाबाई होत्या. त्यांना नांदेडच्या दवाखान्यात डोळे दाखवायचे होते, म्हणून आल्या. लातूरहून गुरुजी आले, किनवटहून रेल्वेनं सुरेखा आणि बालाजी आले. एवढी माणसं त्या खोलीत मावत नव्हती. इलियासभाईंनी शेजारच्या दुकानातून स्टुलं आणली, आणि दाराबाहेर चपलांचा ढीग बघून रस्त्यावरच्या लोकांना वाटलं, आत कसली तरी पूजा चालू आहे.

सुरेखाला मी पहिल्यांदाच बघत होतो. ती पडद्याजवळ येऊन वाकून बघायला लागली. म्हणाली, "सर, ह्याला कसं कळतं?"

मी म्हणालो, कळत नाही, ते फक्त गणित करतं.

"मग गणितच हाय की," ती म्हणाली आणि मागं जाऊन बसली.

गुरुजींनी घसा साफ करून शाळेची तारीख आणि जन्माची तारीख यांतला फरक अप्पांना समजावला. वर्गात शिकवतात तसं, दोनदा. अप्पा ऐकत होते. मी सुरेखाची नवी माहिती घातली. ती तारीख मला आधीच शोधून ठेवावी लागली होती, कारण आमचा प्रोग्राम तारखेवरून तिथी सांगायचा, तिथीवरून तारीख सांगायचा नाही. मग त्या वर्षाच्या पावसाळ्यातली एकेक तारीख घालून, पंचमीनंतरची षष्ठी येईपर्यंत मी बघत गेलो होतो. सगळे जमले त्या दिवशी भाईंनी आणि मी कूलर बंद ठेवून यंत्राला सगळी वीज दिली होती. त्याचा काही उपयोग नव्हता, पण दिली.

मग मी म्हणालो, "अप्पा, बालाजीरावांची खरी जन्मतिथी सांगा."

पडद्यावर तारखेच्या जागी एक हिरवी रेघ उघडझाप करत होती. तिच्याकडं बघत अप्पांनी विचारलं, "न्हाई भरली तर?"

"पुढं जात नाही."

अप्पा आठवायला लागले. त्या साली तूर चांगली झाली होती. अडतीवर गर्दी होती. हिवाळा असावा. बालाजी खाली बघत होता. गुरुजी छताकडं बघत होते, आणि इतक्या वर्षांत कितीतरी बापांना त्यांनी असंच आठवताना बघितलं असणार.

"मला विचारा की," गंगाबाई म्हणाल्या.

सगळे त्यांच्याकडं वळले. तोपर्यंत त्या भिंतीला टेकून डोळ्यांना पदर लावून बसल्या होत्या. हळू आवाजात त्यांनी सांगितलं. "येळवसच्या दिशी झाला. सकाळपासून समदे शेतात गेले होते. भज्जी, आंबील समदं मीच करून दिलं होतं. उन्हं वर आल्यावर पोट दुखाया लागलं. शेजारच्या तेलगू बाईला हाक मारली. तिची भाषा मला येत नव्हती, माझी तिला येत नव्हती. बालाजी झाला तव्हा दुपारचा भोंगा झाला कापसाच्या जिनिंगचा."

येळवस म्हणजे वेळा अमावस्या. आमच्याकडं त्या दिवशी गावं ओस पडतात, सगळे आपापल्या किंवा ओळखीच्या शेतात जेवायला जातात. अप्पाही गेले होते. संध्याकाळी आले तेव्हा बाळ आईजवळ निजलेलं होतं.

अप्पा म्हणाले, "तू एकटी होतीस हे मला कधी सांगितलं न्हाईस."

"तुमी कधी इचारलं न्हाई."

भांडणाचा सूर नव्हता. एखादी वस्तू कुठं ठेवली ते सांगावं, तसं त्या बोलल्या.

अप्पांच्या तुरीवरून साल धरून मी त्या येळवसची तारीख शोधली, दुपारची वेळ घातली, देगलूरचे आकडे पुठ्ठ्यावरून घेतले आणि एंटर दाबलं. प्रिंटर सुरू झाला. पहिली ओळ, दुसरी, तिसरी. गुण काही फार भरभरून पडत नव्हते. खऱ्या तारखेचा हट्ट मीच धरला होता, भाईंनी सुचवलेलं सोपं होतं. पाचवी ओळ, सहावी. बालाजी आणि सुरेखा कागदाकडं बघत होते. गुरुजी बेरीज करत होते. अप्पा मात्र कागदाकडं बघत नव्हते. ते गंगाबाईंकडं बघत होते.

सातवी ओळ पुरी झाली. सुया नाडीच्या ओळीवर जायला लागल्या, तेवढ्यात अप्पा म्हणाले, "बंद करा ते."

"अप्पा, शेवटची ओळ राहिली."

"राहू द्या." ते उठले. "मला माझ्या पोराचा जन्म ठाऊक न्हाई. मी त्याचं लगीन मोडायला कुठून निघालो? बंद करा."

मी बटण दाबलं. प्रिंटर थांबल्यावर कूलरशिवायची ती खोली एकदम शांत झाली. गुरुजींनी बेरीज अर्धी सोडून अप्पांचे हात हातात घेतले. इलियासभाई चहा सांगायला म्हणून बाहेर गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत. नंतर कळलं, ते जिन्यात उभे राहून नाक पुसत होते. विचारलं तर म्हणाले, कापराचा वास सोसत नाही.

सगळे गेल्यावर भाई म्हणाले, आता बघून घे ना काय निघालं ते. एक कळ दाबली असती तर पडद्यावर आलं असतं. मी यंत्र बंद केलं. माझ्या पोटात गोष्ट राहत नाही हे मला माहीत होतं.

लग्न देगलूरला झालं. सोलापूरच्या मंडळींना गुरुजींनी स्वतः जाऊन सांगितलं. मांडवात अप्पा जो भेटेल त्याला माझी ओळख करून देत होते, की यांच्या यंत्रानं जमवलं. मी दुरुस्ती करायला जायचो, पण तोवर ते पुढच्या पाहुण्याकडं गेलेले असायचे.

त्यानंतर मी दुकानात एक सवय लावून घेतली. दाखला पुढं आला की तो बाजूला ठेवायचो आणि विचारायचो, घरात आई आहे का? असेल तर तिला घेऊन या. धंदा थोडा कमी झाला. पण त्या खोलीत येऊन बायकांनी जे सांगितलं ते मी विसरलो नाही. पुराचं पाणी ओट्याला लागलं तेव्हा झाला. रझाकाराच्या वेळी लपून होतो तिथं झाला, असं एका आजीनं तिच्या चाळिशी ओलांडलेल्या मुलाबद्दल सांगितलं. तो मुलगा तोंड उघडं ठेवून ऐकत होता. यंत्राला यातलं काही लागत नव्हतं. मी तारीख शोधून घालायचो आणि बाकीचं ऐकून घ्यायचो.

पुढं रंगीत पडदे आले, फ्लॉप्या गेल्या, घरोघरी कॉम्प्युटर झाले आणि पत्रिकेचं दुकान बंद पडलं. इलियासभाईंनी त्याच जागेत मोबाइल दुरुस्ती सुरू केली. आता त्यांचा मुलगा बसतो. मी लातूरला येऊन टायपिंग आणि परीक्षेच्या फॉर्मांचं काम करतो. जन्मतारखेच्या रकान्यात आता खऱ्या तारखा येतात, दवाखान्यातल्या, मिनिटासकट. चांगलं आहे. तरी सबंध दिवसात एकही एक जून आला नाही की मला थोडं चुकल्यासारखं वाटतं.

या वर्षी मे अखेरीला किनवटहून बोलावणं आलं. सुरेखाताई निवृत्त होत होत्या. बालाजीराव त्याआधीच झाले. आमच्याकडं एक जूनची सगळी माणसं मे संपताना एकदमच निवृत्त होतात, त्यामुळं स्टेजवर सत्कारमूर्तींची रांगच होती आणि शाली कमी पडल्या. अप्पा आता नाहीत. गंगाबाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. शेजारी तिन्ही नातवंडं, मोठी डॉक्टर झालेली.

जेवणाच्या वेळी सुरेखाताईंनी मला बाजूला बोलावलं. म्हणाल्या, "सर, ती राहिलेली ओळ मी बघितली. मोबाइलवर. लई वर्षं झाली."

मी विचारलं, काय निघालं?

"एकच नाड," त्या म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. "तुमच्या यंत्रानं खोट्या तारखेवरून बरोबर सांगितलं होतं. ह्यांना सांगू नका बरं. उगं जिवाला लावून घेतील."

मी मान हलवली.

संध्याकाळी बालाजीराव मला मोटारसायकलवर स्टेशनला सोडायला आले. गाडी यायला वेळ होता. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ते जवळ सरकले. "सर, एक सांगतो. नाडीचं मी बघून ठेवलंय. मोठीच्या वेळी हिला दिवस गेले तव्हाच, नांदेडच्या दुसऱ्या दुकानातून काढून घेतलं होतं. एक नाडच हाय. पोरगी होईपर्यंत माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता. हिला सांगू नका."

मी परत मान हलवली. गाडी आली, मी चढलो, आणि तेव्हापासून दोन्ही बाजूंचं हे ओझं घेऊन फिरतो आहे. झोप लागत नाही असं म्हणणार नाही, पण कूस बदलावी लागते.

दरवर्षी हा दिवाळी अंक किनवटला त्यांच्या घरी जातो. तो आधी कोण उघडतं हे मला माहीत नाही. सुरेखाताई, बालाजीराव, दोघांपैकी जे हे वाचत असेल त्यानं दुसऱ्याला स्वयंपाकघरातून किंवा अंगणातून हाक मारावी, शेजारी बसवावं, हे पान वाचून दाखवावं, आणि मग दोघांनी मिळून मला फोन करून बोलावं. मी ऐकून घेईन.